सतरा नंबरची कविता कुणाची

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही. वाटलीच, तर सांगणाऱ्याच्या हातून काहीतरी चुकलं असं समजावं. आजवर या बाकावर बसून आजोबांनी जेवढ्या गोष्टी सांगितल्या त्या सगळ्या एका पारड्यात टाकल्या आणि ही एकटी दुसऱ्यात, तरी हिचंच पारडं खाली जाईल. कारण हिच्यात माणसं कमी आणि कवी जास्त आहेत.

एवढं बोलून आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. सायकल दुरुस्तीचं दुकान आता त्यांची लेक चालवते. आजोबांच्या वाट्याला उरलाय दुकानापुढचा बाक आणि स्वतःचं तोंड. लेकीनं ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे कुठून येताहेत ते पाहिलं आणि मान वर न करता म्हणाली, "बाबा, गिऱ्हाईक घाईत आहे हं."

गिऱ्हाईक म्हणजे वकीलसाहेबांच्या ऑफिसातली टायपिस्ट. मागचं चाक बसलं म्हणून तीही बाकाच्या टोकाला बसली होती. "सांगा आजोबा," ती म्हणाली. "चाक होईपर्यंत कुठे पळणार मी?"

मग ऐका.

'ओळीवर ओळ' नावाचा कवितेचा एक ग्रुप आहे, मोबाइलवरचा. या भागातले झाडून सगळे कवी त्यात. नवा फोन घेतला की दुकानदार कव्हर आणि काच लावतो तसा या ग्रुपातही घालून देतो, मग तुम्ही आयुष्यात यमक पाहिलेलं असो वा नसो. आणि तिथली टाळी फार चलाख. कविता लांब असेल तर ती वाचून व्हायला वेळ लागतो, टाळीला लागत नाही. एकदा कुणीतरी चुकून सूचना टाकली, 'उद्या सकाळपासून वीज बंद राहील, पाणी भरून ठेवावे.' लगेच खाली रांग. व्वा! अंधाराची काय प्रतिमा! शेवटच्या ओळीनं तर आतून हलवलं! त्या महिन्याच्या स्पर्धेत त्या सूचनेला उत्तेजनार्थ मिळालं.

"काहीही!" लेक म्हणाली.

"ते मात्र खरं आहे," टायपिस्ट म्हणाली. "प्रमाणपत्र मीच टाइप केलं होतं. वायरमनच्या नावानं."

बघा. साक्षीदार बाकावर बसलाय.

तर ग्रुपाचे कर्तेधर्ते हिचे वकीलसाहेब. स्पर्धा दर महिन्याला. कविता पाठवायची ती बिननावाची, तिला फक्त नंबर पडतो. परीक्षक निकाल लावतो, मग रविवारी सगळे आपापल्या घरून फोनसमोर बसतात, ज्याचा पहिला नंबर आला तो 'मीच तो' म्हणून पुढे येतो आणि आपली कविता म्हणतो. ऐकायला किती गोमटं! पण आतली गोष्ट वेगळी. फार पूर्वी एकदा पहिल्या नंबरावरून दोन कवींत अशी जुंपली की एकानं दुसऱ्याच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडायला निघावं. तेव्हापासून वकीलसाहेबांनी तोडगा काढला. पहिला नंबर पाळीपाळीनं. या महिन्यात दंतवैद्य, पुढच्या महिन्यात मुख्याध्यापिका, त्याच्या पुढे किराणावाले. जो तो आपली पाळी आली की केस रंगवून बसतो. आणि परीक्षक? त्यानं फोटो पाठवायचा. निकाल आणि त्याखालची वाहवा वकीलसाहेबांकडे तयारच असते, सांगाड्यावर नुसता कोट बदलायचा.

अशा ठिकाणी परीक्षक म्हणून नेमलं कुणाला, तर सिस्टरला!

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यात जन्म घालवलेली बाई. निवृत्त झाली तरी सगळे सिस्टरच म्हणतात, सख्खा धाकटा भाऊसुद्धा. तो भाऊ म्हणजे हे तुमचे आजोबा. वॉर्डातून सिस्टर चालली की कण्हणारे पेशंट जरा बेतानं कण्हायचे. ती ग्रुपात कधी एक अक्षर बोललेली नव्हती, म्हणून वकीलसाहेबांना वाटलं, गरीब गाय. त्यांनी फोन केला.

"सिस्टर, तुम्हाला काही तसदी नाही. निकाल तयार आहे. तुमचा एक फोटो तेवढा द्या. हातात पुस्तक असलेला."

"कविता कुठे आहेत?" सिस्टरनं विचारलं.

"कविता?"

"ज्यांचा निकाल लागलाय त्या."

वकीलसाहेबांना आयुष्यात इतका अवघड प्रश्न उलटतपासणीतही कुणी विचारला नव्हता. शेवटी त्यांनी दिल्या पाठवून.

विषय होता 'उंबरठा'. सिस्टर जेवणाच्या टेबलाशी बसली. समोर तिचे यजमान, निवृत्त कंपाउंडर, भाजी निवडत. सिस्टरची कविता तपासायची रीत तिची स्वतःची. मोठ्यानं वाचायची आणि दोन बोटं टेबलावर टेकवायची, मनगटावर टेकवतात तशी. नाडी लागते का बघायची. पहिल्या कवितेत उंबरठा ओलांडला होता. दुसऱ्यातही ओलांडला. तिसऱ्यात उंबरठ्यावर माप होतं, चौथ्यात पणती, पाचव्यात उंबरठाच रडत होता.

"काय म्हणतोय पेशंट?" कंपाउंडरांनी विचारलं.

"नटवलाय छान," सिस्टर म्हणाली. "नाडी नाही."

अशी ती वाचत गेली. कंपाउंडरांनी भाजी निवडली, धुतली, चिरली. मग सतरा नंबर आला. सिस्टरनं वाचायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच आवाज बारीक झाला. पुन्हा पहिल्यापासून वाचली. कंपाउंडरांचा एक कान जरा अधू, ते दुसरा कान पुढे करून उभे राहिले. कविता काही लांब नव्हती. आजोबांना पाठ आहे.

माझी खुर्ची उंबरठ्याबाहेर.
आत घंटी वाजते, मी उठते.
चहा, पाणी, खिडकी, पंखा,
वाजते, मी उठते.
इतकी वर्षं उठते आहे
की बसणं म्हणजे काय ते खुर्चीलाच ठाऊक.
एक दिवस मी उठेन
आणि घंटी फेकून देईन.

"फेकून नाही देत!" टायपिस्ट पटकन बोलली. मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे... 'एक दिवस मी उठेन आणि घंटी वाजलेली नसेल.' असं आहे ते. मीच टाइप करते ना सगळ्यांच्या. लक्षात राहतं."

असेल बुवा. आजोबांना फेकून देणंच जास्त पटलं होतं.

"त्यानं तर सगळी मातीच होते," टायपिस्ट पुटपुटली.

बरं, वाजलेली नसेल तर नसेल. सिस्टरची दोन बोटं टेबलावर तशीच. वॉर्डात पेशंटच्या उशाशी घंटी असायची, डॉक्टरांच्या खोलीत असायची, मेट्रनच्या टेबलावर असायची. सिस्टर जन्मभर उठलेली. ती कंपाउंडरांना म्हणाली, "ही जिवंत आहे."

"मग दे तिला एखादा उत्तेजनार्थ."

"पहिला नंबर देणार."

"अगं, पहिला वकिलाच्या सासूबाईंचा आहे या खेपेला! त्यांनी नवा चष्मा केलाय म्हणे. कशाला विस्तवात हात घालतेस? देऊन टाक ना. नंबर काय आपल्या घरचा आहे?"

"घरचा असता तर दिला असता," सिस्टर म्हणाली. "घरचा नाही म्हणूनच वाटता येत नाही."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, वकीलसाहेब दाढीचा साबण तोंडाला लावून उभे असताना, सिस्टरनं निकाल स्वतःच ग्रुपात टाकला. पहिला नंबर, सतरा. दुसरा, कुणी नाही. तिसरा, कुणी नाही. खाली एक ओळ: 'बाकीच्यांनी कविता विश्रांतीला ठेवावी, प्रकृती सुधारल्यास पुन्हा दाखवावी.'

ग्रुपाची सवय तुम्हाला सांगितलीच. धडाधड टाळ्या! अभिनंदन! काळजाला हात घातलात, सिस्टर! टाळ्यांनी फोन एवढा तापला की कंपाउंडरांनी त्यावर रुमालाची घडी बसवून घेतली. मग दंतवैद्यांनी निकाल खरोखर वाचला. त्यांनी आपली टाळी परत घेतली. मग मुख्याध्यापिकेनं घेतली. मग एकेक करून टाळ्या अशा परत जायला लागल्या, की लग्नात मुलगी पसंत नाही म्हणून वऱ्हाड अक्षता वेचून परत नेतंय असं वाटावं.

मग फोन सुरू झाले. मुख्याध्यापिका म्हणाली, "सिस्टर, ग्रुपाची काही परंपरा आहे की नाही?" किराणावाले म्हणाले, "पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे, निदान तोवर तरी कळ काढायची!" दंतवैद्य म्हणाले, "विश्रांतीला ठेवावी म्हणजे काय? माझ्या कवितेला झालंय तरी काय?" सिस्टर म्हणाली, "डॉक्टर, वरून चांदी बसवलीत, आत कीड तशीच आहे." दंतवैद्यांनी फोन ठेवला तो असा, की इकडे कंपाउंडरांच्या अधू कानालाही ऐकू गेलं.

वकीलसाहेब मात्र मुरलेले. ते चिडले नाहीत. त्यांनी ग्रुपात सभ्य भाषेत लिहिलं, 'परीक्षकांचा निर्णय शिरोधार्य. सतरा नंबरच्या कवींनी पुढे यावं.'

कुणी पुढे आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं. पुन्हा शांतता. आणि मग सिस्टरला गाठलंच त्यांनी. 'कवी नाही, तर कविता कुठून आली? ती स्वतः परीक्षकांनीच लिहिली असावी, असा संशय काही सभासदांनी व्यक्त केला आहे.' काही सभासद म्हणजे ते स्वतः आणि त्यांचा आरसा. पण संशयाचं कसं असतं, तो तेलाच्या थेंबासारखा. संध्याकाळपर्यंत भाजीवालीसुद्धा सिस्टरला म्हणाली, "सिस्टर, तुम्ही पण कविता करता होय?" ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्याच्या औषधाची गोळीसुद्धा कधी इकडची तिकडे केली नाही, तिला लोक चोर समजायला लागले. तेही कसली चोर, तर स्वतःच स्वतःला शाबासकी देणारी.

लेकीनं पंक्चरवर सोल्यूशन लावलं आणि फुंकर घालत म्हणाली, "आत्या त्या आठवड्यात जेवली नव्हती धड. हे खरं आहे."

टायपिस्टनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

कंपाउंडर म्हणाले, "सांगून टाक ना, चूक झाली म्हणून. एका शब्दाचं काम."

"कुणाची चूक?"

"कुणाची का असेना! तुझं नाव खराब होतंय."

"माझं नाव माझ्याजवळ आहे," सिस्टर म्हणाली. "त्या बाईचं तर तेही नाही. एवढी चांगली कविता लिहून जी पुढे येत नाही, तिच्यावर कुणीतरी बसलेलं असणार. मी आता मागे फिरले, तर मीही तिच्यावरच बसेन."

असा रविवार उजाडला. समारंभ संध्याकाळी. फोनच्या पडद्यावर चौकोनच चौकोन, एकेका चौकोनात एकेक कवी, मागे कुणाच्या पुस्तकाचं कपाट, कुणाच्या वाळत घातलेल्या चादरी. वकीलसाहेब वर काळा कोट आणि टाय, खाली घरातली अर्धी चड्डी. हे कळलं कसं, तर स्वागताला ते उभे राहिले म्हणून. त्यांच्या शेजारच्या चौकोनात सासूबाई, नवा चष्मा, केस काळेभोर.

"सिस्टर," वकीलसाहेब म्हणाले, "तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, सतरा नंबरचा कवी आत्ता इथे हजर करा. दोन, चूक झाली असं म्हणा आणि पहिला क्रमांक सन्मानानं आमच्या सासूबाईंना द्या. तिसरी वाट ग्रुपाच्या बाहेर जाते."

सिस्टर पांढरी साडी नेसून बसली होती, जुनी, ड्यूटीवरची. तिनं फोन जरा जवळ घेतला. तिचं नाकच तेवढं दिसायला लागलं, पण आवाज खणखणीत आला.

"वकीलसाहेब, वॉर्डात मोठे डॉक्टर मला सांगायचे, सिस्टर, साहेबांचा पाहुणा आहे, प्रकृती उत्तम लिहा. मी म्हणायचे, नाडी बघू द्या, मग लिहिते. त्यापायी माझ्या तीन बदल्या झाल्या. तेव्हा नोकरी होती, मुलं लहान होती, तरी खोटं लिहिलं नाही. आता तर मला तुम्ही फार फार तर एका मोबाइलातून काढाल! तुमच्या सासूबाईंची कविता मी वाचली. त्यांनी ती मनापासून लिहिली असती, तर मी तसं सांगितलं असतं. सतरा नंबर पहिला आहे. लिहिणारी आज आली नाही तर उद्या येईल. नाही आली तरी पहिलाच आहे."

चौकोनांत अशी शांतता पसरली, की दंतवैद्यांच्या घरचा नळ टपकतोय हे सगळ्या ग्रुपाला कळलं.

आणि मग जे झालं ते ऐका, हे तर मुळीच खरं वाटणार नाही. वकीलसाहेबांच्या शेजारचा चौकोन हलला. सासूबाई उभ्या राहिल्या! नवा चष्मा काढून त्यांनी टेबलावर आपटला आणि म्हणाल्या, "जावईबापू, पुरे. माझ्या नावावर दिलेली कविता तुमची आहे, माझी नाही. माझी आहे ती सतरा नंबरची!"

"काय सांगता बाबा!" लेकीचा हात चाकावरच थांबला.

अगदी. वकीलसाहेब खुर्चीत असे बसले की खुर्चीनंच 'हुश्श' केलं. सासूबाई म्हणाल्या, "माझी खोली उंबरठ्याबाहेर, दाराशी. जन्म गेला दारावरची घंटी ऐकण्यात. तुमची अशिलं यायची, घंटी वाजायची, दार उघडायला मी उठायची. त्यांना पाणी द्या, चहा द्या, पंखा लावा. तीच कविता ही. दारावरच्या घंटीची!" आणि सगळ्या चौकोनांतून, या खेपेला वाचून झाल्यावर, खऱ्या हातांनी टाळ्या...

"खोटं!"

टायपिस्ट उभी राहिली होती. बाक एका बाजूनं हलका झाला आणि आजोबा दुसऱ्या बाजूला कलले.

"खोटं आहे हे सगळं! मी होते त्या समारंभात, प्रमाणपत्रं पडद्यावर दाखवायला मलाच बसवलं होतं. सासूबाई काही उभ्याबिभ्या राहिल्या नाहीत, त्या बसल्या बसल्या पेंगत होत्या. कुणी उठलं नाही. वकीलसाहेबांनी सिस्टरचा आवाज बंद केला आणि त्यांना काढून टाकलं, आणि आम्ही सगळे आपापल्या चौकोनात गप्प बघत बसलो. मीसुद्धा."

"मग घंटी?" आजोबांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "दारावरची नव्हती?"

"दारावरची कसली! टेबलावरची आहे ती, पितळेची, वरून थापटायची. आणि सासूबाईंनी कधी कुणाला पाणी दिलंय? ते मी देते! चहा मी देते, खिडकी मी उघडते. कविता माझी आहे, आजोबा. त्यातला शब्द न् शब्द माझा आहे, आणि शेवट 'वाजलेली नसेल' हाच आहे. उद्या सकाळी मी त्यांच्या तोंडावर सांगणार आहे, घंटी वाजायची वाट न बघता. तुमचा फोन द्या इकडे. आधी सिस्टरला लावा. मी बोलते."